शाळा बंद होती त्या दिवशी

केजच्या बसस्थानकामागे ख्वाजा शेखचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याची बायको आमिना रोज सकाळी सातला घर सोडायची. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून लिंबाच्या वाडीपर्यंत दोन मैल पायी. केजात ती आमिनाबी, ख्वाजाची घरवाली. वाडीत पाय टाकला की शेख बाई. जिल्हा परिषदेच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत तिला नववं वर्ष लागलं होतं, आणि वाडीतली कोणती पोरगी घरातल्या कुणावर गेली आहे, कोणत्या घरात दुपारचा चहा बिनदुधाचा असतो, हे तिला सरपंचापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दोन हजार बाराचा पावसाळा नुसताच ढगांचा गेला. बाजरी वीतभर होऊन वाळली. वाडीतलं दूध संकलन केंद्र ऑगस्टमध्येच बंद झालं, कारण जनावरंच चारा छावणीला गेली होती. जवळचा सहकारी साखर कारखाना त्या साली उसाविना पेटलाच नाही. दरसाली निम्मी वाडी त्याच कारखान्याला ऊस तोडायला जायची, आठवड्याला एखादी फेरी घरी मारायची. औंदा सगळ्यांनीच कोल्हापूरकडच्या मुकादमांकडून आगाऊ पैशांच्या उचली घेतल्या. म्हणजे दिवाळी झाली की निघायचं ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने, तोंड दिसायचं नाही.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत शेख बाई वाडीतलं घर अन् घर फिरायच्या. "तुम्ही जा, पण लेकरू ठेवा. आजी-आजोबांपाशी राहू द्या. दोन्ही टायमाचं जेवण शाळेत मिळतं, सरकार देतंय." दहा घरं हिंडल्यावर तीन-चार मान हलवायची. त्या साली मात्र त्या एका घरी तीनदा गेल्या. ते घर रामकिसन आणि छबुबाईचं.

त्यांची थोरली मुक्ता चौथीत होती. पोरगी हुशार होती म्हणण्यापेक्षा चौकस होती. एखादं गणित सुटलं की थांबायची नाही; दुसऱ्या रीतीनं सुटतं का बघायची. धाकटी नंदिनी दोन वर्षांची. आणि अडचण नेमकी तीच होती.

"बाई, मुक्ताला ठेवली तर हिला कोण बघंल?" छबुबाई म्हणाली. ती चुलीसमोर बसून बांधाबांध करत होती, कोयत्याची मूठ चिंधीनं आवळत होती. "फडात लेकरू मोकळं सोडता येत न्हाई. गाड्या येत्यात, इळे-कोयते असत्यात. मागल्या साली एका बाईचं लेकरू ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेलं."

"नंदिनीला पाठीला बांधा. कोपीवर, झोपडीपाशी, बसणाऱ्या एखाद्या म्हातारीकडं ठेवा. पण मुक्ताचं वर्ष घालवू नका छबुबाई. दोनदा घालवलंय."

"तिच्याबिगर मला हात उरत न्हाई."

"ती तुमचा हात न्हाई. ती लेकरू हाय."

हे जरा जोरात बोललं गेलं. छबुबाई चिंधी आवळत राहिली. बाहेर ओट्यावर रामकिसनची आई तुळजाबाई बसली होती, ती म्हणाली, "ठेव गं छबे. मला बी सोबत व्हईल." आणि मग शेख बाई म्हणाल्या, "माझ्या हवाली करा. मी हाय हितं."

तिसऱ्या खेपेला छबुबाई राजी झाली. दोन दिवसांनी ट्रॅक्टर आला. बोचकी, पत्रे, कोंबड्या, शेळ्या आणि त्यांच्यावर माणसं. मुक्ता ट्रॉलीच्या मागं ओढ्यापर्यंत पळत गेली आणि तिथून परत आली. रडली नाही. शाळेत येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, कोल्हापूर किती किलोमीटर हाय?"

हिवाळा बरा गेला. मार्च लागला तशी वाडीतली विहीर तळाला गेली. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि पाणी विहिरीत ओतून जायचा. मग सगळी वाडी हंडे, कळश्या, दोर घेऊन काठावर. पाणी तासाभरात शेंदून संपायचं. विहिरीला एका बाजूनं कठडा होता, दुसऱ्या बाजूचा पडून गेला होता. टँकर यायचा अकराच्या सुमाराला, आणि तेव्हा पोरं शाळेत असायची. शेख बाई आणि मुख्याध्यापक अर्जुनराव या दोघांनी ठरवूनच टाकलं होतं: टँकरच्या वेळेला एकही पोर शाळेबाहेर जाऊ द्यायचं नाही. म्हाताऱ्या कुरकुरायच्या, पण ऐकायच्या.

त्याच महिन्यात तालुक्याहून पत्र आलं. शिक्षकांसाठी भावनिक कौशल्ये आणि ताणतणावाचं व्यवस्थापन, दोन दिवसांचं प्रशिक्षण, ठिकाण केज, उपस्थिती सक्तीची. शाळेतल्या दोघांचीही नावं एकाच तुकडीत.

"एकाला पुढच्या तुकडीत टाका म्हणून सांगू का?" अर्जुनरावांनी विचारलं.

"कशाला सर. दोनच दिवस तर हायेत," बाई म्हणाल्या. घराजवळच प्रशिक्षण, दोन दिवस जीपची दगदग नाही, याचं त्यांना बरंच वाटलं होतं.

आदल्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, उद्या-परवा शाळा बंद. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुटताना मुक्ता दाराशी थांबली. "बाई, उद्या टँकर हाय. आजीची कंबर लई दुखायली. म्या पाणी शेंदू लागते तिला."

बाई कुलूप लावत होत्या. म्हणाल्या, "शहाणी गं माझी."

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पंखे होते. दाराशी खोकं ठेवलं होतं. सगळ्यांनी आपापले मोबाईल बंद करून त्यात टाकायचे. प्रशिक्षण देणारी मुलगी चोविशी-पंचविशीची, बोलायला गोड. ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांचं बघता, तुमच्याकडं कोण बघतं?" पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिकेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग त्या मुलीनं सगळ्यांना डोळे मिटून श्वास मोजायला लावले. नंतर एकेक कोरा कागद दिला; आज मनाला कसं वाटतंय तो चेहरा काढा. शेख बाईंनी गोल काढला, दोन टिंबं, आणि हसरी रेघ. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आज पंख्याखाली बसलेय, आज हसराच."

जेवणाच्या सुट्टीत मोबाईल परत मिळाले. बाईंनी चालू केला, आणि तो हातातच वाजायला लागला. वाडीतल्या दुकानदाराच्या नंबरावरून सतरा वेळा फोन येऊन गेला होता.

अर्जुनरावांच्या मोटारसायकलवर बसून त्या वाडीला पोचल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तरण्या पोरांना विहिरीत उतरवून मुक्ताला वर काढलं होतं. तुळजाबाईच्या दारात, लिंबाखाली, एका वाकळेवर ती होती. केसांचं पाणी अजून निथळत होतं. एवढ्या ओरडून ओरडून मागितलेल्या पाण्यात बुडून गेलेली पोर. कपाळावर दगडाचा घाव होता. टँकर रिता होत असतानाच गर्दी रेटली, पडलेल्या कठड्याच्या बाजूनं ती घसरली, एवढंच सगळे सांगत होते. कुणाच्या धक्क्यानं, कुणालाच माहीत नव्हतं.

तुळजाबाई रडत नव्हती. बाईंचा हात धरून एकच म्हणत राहिली, "म्या तिला नको म्हणले व्हते. म्या नकोच म्हणले व्हते."

कोल्हापूरकडून यायला रामकिसन-छबुबाईला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जीप आली. छबुबाई उतरली तेव्हा नंदिनी तिच्या काखेत झोपलेली होती. तिनं नंदिनीला शेजारणीजवळ दिलं, लेकीपाशी गेली, वाकून तिच्या तोंडावरून हात फिरवला. वाडी दम धरून उभी होती. आता हंबरडा फुटेल. फुटला नाही. छबुबाई उठली, बायांच्या घोळक्यात नजर फिरवली आणि शेख बाईंपाशी येऊन थांबली.

"बाई, तुमी व्हता का हितं?"

"न्हवते."

छबुबाईनं मान हलवली, जणू तिला तेवढंच विचारायचं होतं. ती वळली आणि मग तिचा आवाज फुटला.

दहाव्याचं झालं आणि बाराव्या दिवशी ती दोघं परत गेली. उचल अंगावर होती, फड अर्धा उभा होता. जाताना तुळजाबाईलाही घेऊन गेली. सत्तरीची म्हातारी, कंबरेत वाकलेली, नंदिनीला बघायला. घराला कुलूप लागलं.

मुक्ताच्या मातीनंतर शेख बाई बारा दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. रजेचा अर्ज ख्वाजानंच नेऊन दिला. त्यांना जेवण जात होतं, झोपही लागत होती. पण कुणी हाक मारली की ओ द्यायला वेळ लागायचा. एकदा ख्वाजानं दुकानातून दुपारीच येऊन बघितलं, तर त्या स्वयंपाकघरात तांब्या धरून उभ्या होत्या आणि नळाचं पाणी तांब्यावरून वाहत चाललं होतं. त्यानं नळ बंद केला.

"कितने दिन ऐसा बैठेंगी?" तो म्हणाला. "बदली मांग ले आमिना. मैं बोलता सायबासे. दूसरा गाव, दूसरे बच्चे."

"दुसऱ्या गावालाही विहीर असतीच की," त्या म्हणाल्या. ख्वाजाशी त्या घरी दखनीत बोलायच्या. त्या दिवशी मराठीत बोलून गेल्या, हे दोघांच्याही लक्षात आलं.

तेराव्या दिवशी त्या शाळेत गेल्या. का गेल्या, हे त्यांना धड सांगता आलं नसतं. रजा संपली होती हे एक. आणि अर्जुनरावांचा फोन आला होता. अर्जुनराव कमी बोलणारा माणूस. एवढंच म्हणाले, "पोरं लई गप झाल्यात बाई. मला गप पोरं सांभाळता येत न्हाईत."

वर्गात अठरा पोरं होती. बाईंनी हजेरीपुस्तक उघडलं. सातव्या नावावर लाल शाईची रेघ. बाईंनी सहावं नाव घेतलं, "हजर" ऐकलं, आणि बोट सातव्यावरून आठव्या नावावर नेलं. बोट परत सातव्यावर आलं. मग पुस्तक मिटलं, खुर्ची सोडली आणि खाली तरटपट्टीवर पोरांमध्ये येऊन बसल्या.

"आज मी शिकवणार न्हाई," त्या म्हणाल्या. "मला मुक्ताची लई आठवण यायली. तुम्हाला येते का?"

आणि त्या पोरांसमोरच रडल्या. शिक्षकानं वर्गात रडू नये असं त्यांना डी.एड.ला शिकवलं होतं, आणि नऊ वर्षं त्यांनी ते पाळलं होतं.

पोरं आधी बिचकली. मग पहिलीतली एक म्हणाली, "मला ती चिंचा द्यायची." दुसरा म्हणाला, "माझी पेन्सिल तिच्यापाशीच राहिली." कुणीतरी म्हणालं, ती कबड्डीत चावायची, एक-दोघं हसली, आणि हसल्यावर घाबरून बाईंकडं बघायला लागली. बाई म्हणाल्या, "हसा की. चावायचीच ती." मग सगळे एकदम बोलायला लागले.

एक पोरगी बोलली नाही. भामा, मुक्ताच्या शेजारी बसायची ती. आज्याच्या घरी राहायची. तिचे आईबापही उसाला गेलेले. अर्जुनरावांनी सांगितलं होतं, ही पोरगी त्या दिवसापासून तोंडातून शब्द काढत नाही. बाईंनी तिला जवळ ओढलं.

"माझा हंडा लागला तिला," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की बाईंना वाकावं लागलं. "म्या तिच्या मागं व्हते. माझा हंडा तिच्या पाठीला लागला अन् ती गेली."

"कुणाला सांगितलंस हे?"

"न्हाई."

"आईला?"

"आई कारखान्याला हाय."

नऊ वर्षांची पोर, आणि तेरा दिवस. बाईंनी तिला मांडीवर घेतलं. मांडीवर मावायच्या वयाची ती राहिली नव्हती तरी.

"तुला कुणी रेटलं भामा?"

"मागून. माहीत न्हाई."

"त्यांना कुणी रेटलं?"

"त्यांच्या मागच्यांनी."

"मग अगदी शेवटी कोण व्हतं?"

"कुणीच न्हवतं. पाणी थोडं व्हतं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "पाणी थोडं व्हतं. तू ढकललं न्हाईस. तुला बी कुणीतरी ढकलत व्हतं, अन् त्यांनी बी मुद्दाम न्हाई. कळलं का? हे मी सांगते, अन् तुझ्या आईला बी मीच सांगन." मग त्या म्हणाल्या, "मुक्ता मला आदल्या दिवशी सांगून गेलती, पाणी शेंदायला जाते म्हणून. मी तिला जाऊ नको म्हणायचं, तर शहाणी गं म्हणाले."

हे त्यांनी ख्वाजालाही सांगितलं नव्हतं.

भामानं डोळे पुसत त्यांच्याकडं बघितलं. "मग तुमी कुठं ढकललं बाई?"

भामा त्या दिवशी दुपारी जेवली. चार दिवसांनी दोरीवरच्या उड्या मारायला लागली. रविवारी बाईंनी कारखान्यावर फोन लावून तिच्या आईशी पाऊण तास बोलून घेतलं. पोरीच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. बाईंचं तसं झालं नाही. भामाचा प्रश्न त्यांना समजत होता, पण त्याचं उत्तर त्यांना तिच्याइतक्या सहज घेता येत नव्हतं.

बदली त्यांनी मागितली नाही. पंचायतीच्या मागं लागून विहिरीचा कठडा त्यांनी बांधून घेतला. आणि आणखी एक गोष्ट केली. त्यानंतर कुठल्याही प्रशिक्षणाला, बैठकीला, सर्वेक्षणाला लिंबाच्या वाडीचे दोन्ही शिक्षक एकाच दिवशी गेले नाहीत. एकानं जायचं, एकानं शाळा उघडी ठेवायची. तालुक्याला त्यांनी तसं लेखी कळवलं. तालुक्याहून लेखीच उत्तर आलं, असं चालणार नाही. मग कारणे दाखवा नोटिसा सुरू झाल्या. अर्जुनराव निवृत्तीला टेकलेले. तरी त्यांनी प्रत्येक खुलाशाखाली बाईंच्या सहीशेजारी आपली सही केली. खुलाशात दरवेळी एकच वाक्य असायचं: टंचाईच्या काळात शाळा बंद ठेवणे आम्हाला शक्य नाही. साहेब बदलले, नोटिसा यायच्या राहिल्या नाहीत. एक वेतनवाढ थांबली.

दिवाळीच्या सुट्टीतली फेरी त्यांनी पुढच्या साली चुकवली. त्याच्या पुढच्या साली मारली, पण आता त्या फक्त विचारायच्या: ठेवता का? नाही म्हटलं की पुढच्या दारी. माझ्या हवाली करा, हे शब्द त्यांनी परत कुणापुढं काढले नाहीत. छबुबाईच्या दारावरून त्या मान खाली घालून जायच्या. छबुबाई वाडीत असायची तेव्हा दोघी एकमेकींना दिसायच्याच. एवढ्याशा वाडीत दुसरं काय होणार? दिसलं की एक जण वाट बदलायची. तुळजाबाई तिसऱ्या साली तिकडंच, कारखान्याच्या कोपीवर वारली. ते बाईंना महिनाभरानं कळलं.

दोन हजार सोळाच्या जूनमध्ये छबुबाई नंदिनीला घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. "नाव घाला," म्हणाली आणि पोरीचा हात सोडून गेली.

नंदिनी सहा वर्षांची, गोरी, भित्री. बहिणीसारखी अजिबात नव्हती. बाईंनी तिला इतरांइतकंच शिकवलं. जास्त लक्ष दिलं तर आपलं मन कुठं जाईल याची त्यांना भीती होती. नोव्हेंबर आला. निघायच्या आदल्या दिवशी छबुबाई आली आणि पहिल्यांदाच वर्गात आली. स्थलांतर करणाऱ्या पोरांना शाळेतून हमी कार्ड मिळायचं, म्हणजे तिकडं एखादी शाळा असली तर बसू देतात. बाई ते भरायला लागल्या.

"औंदा तुमी इचारलं न्हाई," छबुबाई म्हणाली. "ठेवता का म्हणून."

"न्हाई विचारलं."

"इचारलं असतं तरी ठेवली नसती."

"माहीत हाय."

बाईंनी सही केली, शिक्का मारला, कार्ड पुढं सरकवलं. छबुबाईनं ते घेतलं नाही लगेच. ती पट्टीवर बसली, नंदिनीला मांडीजवळ घेऊन. मग म्हणाली, "बाई, मुक्ताचं अक्षर कसं व्हतं? मला तर वाचता येत न्हाई. कधी बघितलं बी न्हाई नीट."

शेख बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना वाटलं होतं, कधीतरी ही बाई आपल्याला शिव्या देईल, किंवा रडेल, आणि आपण काय म्हणायचं ते त्यांनी चार वर्षं मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही.

"गोल," त्या म्हणाल्या. "पण ओळीवर बसायचं न्हाई. वर वर चढायचं."

"मी कामाला हाका मारायची म्हणून?"

"न्हाई. घाई तिलाच असायची."

छबुबाईच्या तोंडावर हसू येतंय असं वाटलं, पण ते आलं नाही. तिनं पदरानं नाक पुसलं. "अन् हिचं?"

"हिचं अजून कळायचं हाय. चार महिन्यांत काय कळतं."

"व्हय," छबुबाई म्हणाली. कार्ड उचलून तिनं पोलक्यात ठेवलं, नंदिनीला उठवलं आणि गेली. ती बाईंना क्षमा करून गेली की नाही, हे बाईंना कळलं नाही. त्यांनी तसं विचारलंही नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पट्टा पडला आणि वाडी परत आली. तिसऱ्या दिवशी नंदिनी एकटीच शाळेत आली. उसाच्या पात्यांनी तिच्या दोन्ही हातांवर बारीक चिरा पडल्या होत्या. तिकडं शाळा नव्हती, किंवा होती तर हिला कुणी पाठवलं नव्हतं. फडात वाढं, उसाचे हिरवे शेंडे, बांधायला ती आईच्या हाताखाली होती. 'क' तिला आठवत होता. 'ख' आठवत नव्हता. पेन्सिल धरली की बोट दुखायचं.

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, "दुखतंय तर आज लिहू नको. नुसतं बघ," आणि पाटीवर हळूहळू 'ख' काढायला लागल्या.